रंग उतरत जाणारा स्वेटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाली गडद, वर फिका, आणि मधे कुठं रंग बदलला ते बोट ठेवून सांगता येऊ नये, असा स्वेटर विणायचा आहे. सुलट, उलट, टाके घालणं, टाके बंद करणं एवढं येतं असं धरून पुढची उत्तरं दिली आहेत. बाकी सगळा हिशेबाचा भाग आहे, आणि तोच बहुतेकांचा चुकतो.

आम्ही मालवणला राहतो. इथं स्वेटर घालणार कोण?

मालवणात भरदुपारी कुणीच नाही. पण दापोलीला लोक ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणतात ते उगाच नाही, आणि आंबोलीत जानेवारीतली रात्र काढलेल्याला हा प्रश्न पडत नाही. थंडीच्या दिवसांत पहाटे दुचाकीवर निघणाऱ्यालाही लागतो. कोकण रेल्वेच्या एसी डब्यात तर मे महिन्यातसुद्धा लागतो. शिवाय कोकणात विणलेले कितीतरी स्वेटर इथं राहतच नाहीत. ते पुण्याच्या भाचीला, नाशिकच्या जावयाला, नाहीतर परदेशातल्या नातवाला जातात.

विणायचा हंगाम मात्र अस्सल आपला. जूनमध्ये पाऊस लागला की गणपतीपर्यंत हाताला काहीतरी हवंच असतं. पण कोणासाठी विणताय ते आधी ठरवा. इथंच वापरायचा असेल तर सुती किंवा सूत-ॲक्रिलिक मिश्र धागा बरा, कारण लोकरीत सकाळी अकरानंतर जीव गुदमरतो. थंड गावी जाणार असेल तर खरी लोकर घ्या.

शेडेड लोकरीचे गुंडे मिळतात. तेच आणून सरळ विणलं तर?

शाल, मफलर, टोपी यांना चालेल. स्वेटरला घोटाळा होतो, आणि तो पाठ-पोट विणून झाल्यावर, बाही अर्धी झाली की लक्षात येतो.

कारण साधं आहे. गुंड्यात प्रत्येक रंगाची ठरावीक लांबी असते. ९६ टाक्यांच्या पाठीवर तेवढ्या धाग्यात समजा दहा ओळी झाल्या, तर ४८ टाक्यांच्या बाहीवर वीस होतात. म्हणजे अंगावर रंग भराभर बदलतो आणि बाहीवर रेंगाळतो. स्वेटर घातल्यावर हात दुसऱ्याचेच वाटतात. गळ्याला पोचलात की आणखी एक भानगड. गळ्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या विणायच्या असतात, आणि डावा खांदा विणून होईपर्यंत गुंड्याचा रंग पुढं निघून गेलेला असतो. उजवा खांदा वेगळ्याच रंगाचा होतो.

तरीही विणायचाच असेल, तर बाहीसाठी गुंडा न वापरता तो आधी रंगांप्रमाणे उलगडून छोटे गुंडे करा आणि लागेल तेवढाच धागा वापरा. गळ्याला आल्यावर चालू रंगाच्या धाग्याचे स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून दोन सारखे भाग करा, एकेका खांद्याला एकेक. आणि विणायला घेण्याआधी गुंडा एकदा पूर्ण उलगडून पाहा. कधीकधी आत कारखान्यातली गाठ असते आणि गाठीनंतर रंग भलत्याच ठिकाणाहून सुरू होतो.

माझं मत विचाराल तर साध्या एकरंगी तीन गुंड्यांतून जे काम होतं त्याला महागडा गुंडा लागत नाही.

मग तीन एकरंगी गुंड्यांतून रंग उतरवायचा कसा?

दुहेरी धाग्याने. दोन बारीक धागे एकत्र धरून विणायचं. रंगांना अ, ब, क म्हणू. आधी अ-अ, मग अ-ब, मग ब-ब, मग ब-क, शेवटी क-क. तीन रंगांतून पाच छटा झाल्या. अ-ब हा भाग हातात धरून पाहिला तर दोन रंग वेगळे दिसतात, पण चार पावलं मागं सरका, डोळा त्यांचा एकच रंग करून टाकतो.

अगदी बारीक धागा मिळाला तर तीन एकत्र धरा. मग तीनच रंगांतून सात छटा निघतात: अअअ, अअब, अबब, बबब, बबक, बकक, ककक. उतार फार मऊ होतो. फक्त तीनही धाग्यांवर सारखा ताण राहायला हवा, नाहीतर एखादा सैल धागा सुईतून निसटून मागे फास करून बसतो. तीन गुंडे तीन वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. एका पिशवीत ठेवलेत तर संध्याकाळपर्यंत विणकाम बाजूला आणि गुंता सोडवणं सुरू.

रंग निवडताना काय बघायचं?

आधी गडद-फिकेपणा, मग रंग. तिन्ही गुंडे ओळीनं ठेवा, मोबाइलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. करड्या रंगाच्या तीन सारख्या पायऱ्या दिसल्या तर रंग जमले. दोन सारखेच करडे आणि तिसरा एकदम पांढराफटक दिसला, तर त्या तिसऱ्याजवळ स्वेटरवर पट्टा दिसणार, मग कितीही काळजी घ्या.

दुसरी गोष्ट, एकमेकांच्या विरुद्ध रंग शेजारी ठेवू नका. जांभ्याचा तांबडा आणि भाताच्या रोपाचा हिरवा सुटे सुटे सुंदर दिसतात, पण दोन धागे एकत्र विणले की चिखल होतो. मधे पिवळा किंवा मातकट रंग घाला, मग तोच प्रवास देखणा होतो. हापूसचं पाहा ना: कच्च्या कैरीचा हिरवा, पाडाचा पिवळा, पिकल्यावरचा केशरी. हा क्रम लोकरीत हमखास जमतो, कारण शेजारचे रंग एकमेकांचे नातेवाईक आहेत. आमसुलाच्या गडद जांभळटपासून सोलकढीच्या फिक्या गुलाबीपर्यंतचा उतारही तसाच, आणि थोडासा चुकला तरी खपून जातो.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका. दुकानदाराला सांगून गुंडे बाहेर पायरीवर आणा. दोन धागे एकत्र पिळून बघा आणि हात लांब करून परत बघा. पावसाळी मळभात गडद निळा, गडद हिरवा आणि काळा यांत फरक कळत नाही. असे रंग घ्यायचे असतील तर उघडीप होईपर्यंत थांबा.

गडद रंग खालीच ठेवा. आपल्याकडच्या तांबड्या धुळीनं पांढरी किनार आठवडाभरात विटकरी होते.

किती ओळींनंतर रंग बदलायचा?

हे अंदाजाने करू नका. आधी १५ सेंटिमीटरचा चौकोन विणा, आणि तोही अ-ब अशा मिश्र धाग्याने. त्यातले मधले १० सेंटिमीटर मोजा.

समजा १० सेंटिमीटरमध्ये २० टाके आणि २८ ओळी आल्या. छातीचा तयार घेर ९६ सेंटिमीटर हवा, म्हणजे पाठीला ९६ टाके, पुढच्या भागाला ९६. शिवणीसाठी हवे तर एकेक टाका वाढवा. पूर्ण उंची ५६ सेंटिमीटर. खालची एक सुलट-एक उलट अशी किनार ६ सेंटिमीटर, ती पूर्ण अ-अ. राहिले ५० सेंटिमीटर, म्हणजे १४० ओळी. पाच छटा आहेत, प्रत्येकीला २८ ओळी, म्हणजे १० सेंटिमीटर.

इथवर सगळे करतात. खरी मेख मुंढ्याची, म्हणजे काखेतून बाही जोडायच्या जागेची आहे. आपल्या मापात मुंढा खालून ३६ सेंटिमीटरवर सुरू होतो. किनार ६ आणि तीन छटा ३०, म्हणजे अ-अ, अ-ब, ब-ब संपून ब-क सुरू होते त्याच ओळीला मुंढा येतो. बाहीलाही मुंढ्याची पहिली ओळ ब-कचीच हवी. पण बाही मुंढ्यापर्यंत ४४ सेंटिमीटर लांब आहे, अंगापेक्षा ८ सेंटिमीटर जास्त. दोन्ही खालून सारख्याच हिशेबाने विणलीत, तर काखेत दोन वेगळे रंग भेटतात आणि हात खाली सोडला की ती जागा डोळ्यांत खुपते.

म्हणून बाहीचा हिशेब वरून खाली करायचा. मुंढ्याखाली ब-ब २८ ओळी, त्याखाली अ-ब २८ ओळी. किनार सोडून बाही ३८ सेंटिमीटर, म्हणजे १०६ ओळी. त्यातून ५६ गेल्या, उरल्या ५०. त्या सगळ्या अ-अ. विणताना अर्थातच उलट क्रमाने: किनार, ५० ओळी अ-अ, २८ अ-ब, २८ ब-ब, मग मुंढा. जास्तीची लांबी मनगटाच्या गडद भागात जिरते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

कागदावर दोन उभ्या पट्ट्या काढा, एक अंगाची, एक बाहीची, आणि काखेची रेघ दोन्हींवर एकाच पातळीला ठेवा. सगळा स्वेटर त्या कागदावर दिसतो. रॅग्लन पद्धतीने, म्हणजे काखेपासून गळ्यापर्यंत तिरक्या रेघेत बाही जोडून विणणाऱ्यांचं काम आणखी सोपं: काखेपासून गळ्यापर्यंत अंगाची आणि बाहीची ओळ ओळीला जोडली जाते, त्यामुळे रंग आपोआप जुळतात. शेडिंगच्या पहिल्या स्वेटरला मी रॅग्लनच सुचवते.

तिन्ही रंग सारखेच घ्यायचे ना?

नाही. वरच्याच मापात बघा: अ किनारीलाही आहे, बाहीच्या लांब भागालाही आहे. क फक्त खांद्याजवळ, जिथं मुंढा आणि गळा कापल्यामुळे टाकेच कमी असतात. एकूण अर्धा किलोच्या आसपास धागा लागत असेल तर अ साधारण २२० ग्रॅम, ब २००, आणि क १०० ग्रॅम, गळपट्टीसकट. सारखे घेतलेत तर क उरतो आणि बाहीच्या ऐन मध्यावर अ संपतो.

अ आणि ब थोडे जास्तच घ्या. गावात नंतर तोच रंग मिळेलच असं नाही, आणि मग पुण्या-मुंबईहून येणाऱ्या कुणाला तरी ‘येताना एवढं घेऊन ये’ म्हणत बसावं लागतं. फोटो पाठवून मागवलेला रंग हमखास वेगळा येतो.

लेबलवरचा लॉट नंबर वेगळा निघाला तर?

लॉट म्हणजे एका वेळी रंगवलेला धागा; लॉट बदलला की तोच रंग किंचित वेगळा येतो. एकरंगी स्वेटरला डोकेदुखी, इथं फारशी नाही. एकाच छटेच्या पट्ट्यात दोन लॉट आलेच तर दुहेरी धाग्यात एक या लॉटचा, एक त्या लॉटचा धरा.

छटा बदलते तिथं तरीही रेघ दिसते. काय करू?

सीमेवर दोन्ही छटा थोडा वेळ एकमेकींत मिसळू द्या. जुनीच्या ८ ओळी, नवीच्या २, जुनी ६, नवी ४, जुनी ४, नवी ६, जुनी २, नवी ८. चाळीस ओळींत रंग हळूच कूस बदलतो. वरच्या मापासारख्या एका छटेला २८ च ओळी असतील तर हेच आखूड करा: जुनी ४, नवी २, जुनी २, नवी ४. या ओळी वरच्या हिशेबातल्या २८ मध्येच धरायच्या, निम्म्या अलीकडून आणि निम्म्या पलीकडून. वेगळ्या जोडल्या तर काखेचं गणित बिघडेल.

इंटरनेटवर फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या आकड्यांनी, म्हणजे १, २, ३, ५, ८ अशा ओळींनी (प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज) रंग बदलण्याची पद्धत दिसेल. चांगली आहे, डोळ्याला कृत्रिम वाटत नाही. हे आकडे फिबोनाचीच्या १२०२ सालच्या ग्रंथाआधी आपल्याकडे जैन आचार्य हेमचंद्राने ११५० च्या सुमारास छंदांची मात्रागणना करताना मांडले होते, तेव्हा परक्याची युक्ती म्हणून बिचकायचं कारण नाही.

आणखी एक उपाय: नव्या छटेच्या पहिल्या सुलट ओळीत दर चौथा टाका न विणता तसाच उजव्या सुईवर सरकवून घ्या. जुन्या रंगाचे टाके नव्या रंगात वर चढलेले दिसतात आणि सरळ रेघ मोडते. दोन सुलट ओळींपेक्षा जास्त वेळा मात्र नको, वीण आखडते.

एकच ओळ विणली की धागा पलीकडच्या टोकाला अडकतो. दर वेळी तोडायचा का?

अजिबात नाही. साध्या दोन सुयांवर विणत असाल तर ओळी सम संख्येत ठेवा, धागा परत त्याच बाजूला येतो. वर आठ, दोन, सहा, चार असे आकडे दिलेत ते म्हणूनच.

विषम ओळी हव्याच असतील तर आडवं विणकामही गोल सुईवर करा. ओळ संपली की वळवायचं नाही. सगळे टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवायचे, आणि तिथं थांबलेला धागा घेऊन पुन्हा त्याच बाजूने विणायचं. शेवटची ओळ सुलट बाजूने विणली असेल तर हीसुद्धा सुलट बाजूचीच येईल, एवढं भान ठेवा.

तीन रंगांच्या एकेक ओळी विणायच्या असतील तर गंमत होते: साध्या दोन सुयांवरही प्रत्येक धागा हवा तेव्हा हव्या त्या टोकाला तयार असतो. करून बघा, सांगून पटत नाही.

गोल विणताना फेरीच्या सुरुवातीला पायरी दिसते.

गोल विणकाम म्हणजे वर चढत जाणारं वळण, त्यामुळे फेरीचा शेवट सुरुवातीपेक्षा एक ओळ वर असतो. नव्या रंगाची पहिली फेरी पूर्ण झाल्यावर दुसऱ्या फेरीचा पहिला टाका न विणता सरकवून घ्या, पायरी बरीच सपाट होते. शिवाय ती जागा कुशीत येईल असं बघा, हाताखाली झाकली जाते.

व्हिडिओत ८ नंबरची सुई सांगितली होती. तीच आणली तर वीण फार घट्ट आली.

व्हिडिओ अमेरिकन असणार. त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते, आपल्या दुकानातली ८ नंबरची ४ मिलिमीटरची. आपल्याकडे जुने इंग्रजी नंबर चालतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर. अमेरिकन नंबर वाढला की सुई जाड. नंबर विसरा, मिलिमीटर विचारा.

पावसाळ्यात हात घामेजतात, धागा सुईवर सरकत नाही.

बांबूच्या सुया दमट हवेत आणखीच अडतात. गुळगुळीत धातूची सुई घ्या. मुलामा दिलेल्या स्वस्त सुयांना खाऱ्या हवेत खड्डे पडतात आणि त्यांचा काळपट डाग फिक्या लोकरीवर उतरतो. त्यापेक्षा स्टेनलेस स्टील उत्तम. विणायला बसताना हात धुऊन कोरडे करा, आणि फिका रंग चालू असेल तर मांडीवर पंचा घ्या. एवढ्यावर भागतं.

इतक्या रंगबदलांची टोकं किती होणार!

दुहेरी धाग्याचा फायदा इथंही आहे. दर बदलाला एकच धागा बदलतो, दुसरा तसाच चालू राहतो. नवा धागा जोडताना गाठ मारू नका. बोटभर टोक सोडा आणि नंतर बोथट सुईने उलट बाजूच्या टाक्यांतून तिरकं ओवून टाका, गडद टोक गडद भागात, फिकं फिक्यात. बदल शिवणीजवळ करा, म्हणजे टोकं शिवणीतच जिरतात. आणि रोजची टोकं रोज ओवा. शेवटी एकदम करू म्हणणाऱ्यांचे स्वेटर वर्षभर कपाटात पडून असतात.

पांढरी लोकर आणून घरीच रंगवली तर?

ॲक्रिलिक असेल तर विसरा, घरगुती रंग त्याला धरत नाही. लोकर किंवा सूत असेल तर मजा आहे. आपल्या भागात खैराचा कात मिळतो, त्याचा तपकिरी सुतावरही चांगला बसतो. फणसाच्या खोडाच्या गाभ्याचा पिवळा जुना आणि भरवशाचा: भुसा किंवा ढलप्या रात्रभर भिजवून उकळायच्या, गाळायच्या, आणि तुरटीच्या पाण्यातून काढलेल्या लड्या त्यात सोडायच्या. सूत असेल तर तुरटीआधी हिरड्याच्या पाण्यात भिजवा.

उतरत्या छटांसाठी पाच लड्या एकाच पातेल्यात एकदम सोडा आणि दहा-दहा मिनिटांनी एकेक बाहेर काढा. पहिली सर्वांत फिकी, शेवटची सर्वांत गडद, आणि सगळ्या एकाच रंगातल्या, त्यामुळे जुळण्याची चिंताच नाही. लोकर उकळत्या पाण्यात ढवळू नका, ती आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. पातेलं मंद आचेवर, हात हलका. आणि ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही.

हळद आणि कोकम यांच्या मोहात पडू नका. हळदीचा रंग उन्हात उडतो. कोकमाचा साबणाच्या पाण्यात पालटतो, आणि मग आमसुली स्वेटर मळकट करडा होऊन बाहेर येतो.

धुताना गडद रंग फिक्यात उतरला तर? मिठाच्या पाण्यात टाकला की रंग पक्का होतो ना?

होत नाही. सूत रंगवताना मिठाचा उपयोग होतो, पण रंगवून झालेल्या धाग्याचा सुटणारा रंग मीठ थांबवत नाही. विणण्याआधीच तपासा: गडद धाग्याचं हातभर टोक भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. फडकं रंगलं तर ती लड स्वच्छ पाणी येईपर्यंत आधी धुऊन घ्या.

तयार स्वेटर रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि चटईवर सावलीत आडवा पसरा. ओला असताना घडी घातली की रंग उतरलाच म्हणून समजा. जुलैत धुवायचाच असेल तर पंख्याखाली, मधे दोनदा उलटून. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प शोषूनही हाताला कोरडी लागते, त्यामुळे वाळला असं वाटलं तरी आणखी एक दिवस तसाच राहू द्या.

ॲक्रिलिकवर गरम इस्त्री किंवा जोराची वाफ देऊ नका. वीण एकदा लोळागोळा झाली की परत येत नाही.

ठेवायचा कसा? कपाटात बुरशी येते, कसर लागते.

धुतल्याशिवाय ठेवू नका, कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी येते. प्लास्टिकच्या पिशवीत नको, जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात घाला. वाळलेला कडुनिंबाचा पाला चालतो. डांबराच्या गोळ्या घातल्याच तर कपड्याला चिकटू देऊ नका, आणि बाळाच्या कपड्यांत तर घालूच नका. भिंतीला लागून असलेल्या खालच्या खणात ओल जास्त असते, म्हणून वरचा खण निवडा. दसऱ्यानंतर ऊन पडलं की बाहेर काढून सावलीत वाऱ्यावर टाका, उन्हात नको. आणि घडी दर वेळी वेगळ्या जागी घाला, म्हणजे एकाच रेघेवर रंग विटणार नाही.

पहिल्यांदाच विणते आहे. बाळाच्या स्वेटरने सुरुवात करू का?

जरूर. फक्त बाळाच्या स्वेटरची उंची तुमच्या वीतभरापेक्षा थोडीच जास्त असते, त्यात पाच छटा कोंबू नका. अ-अ, अ-ब, ब-ब एवढ्या तीन पुरेत, आणि धागा मऊ सुती घ्या. मुंढ्याचा नियम तिथंही तोच.